नोटीस गिलाव्याखाली गेली. कारवाई न करणाऱ्या अधिकाऱ्याला जाब कसा विचारायचा?

जाईजुई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं घर ठाणे जिल्ह्यातल्या एका शहरात आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाबांनी १९८८ साली बांधलेलं बैठं घर. शेजारच्या प्लॉटवर २०२२ च्या दिवाळीनंतर खड्डा खणला गेला. ना फलक, ना परवानगीचा क्रमांक. जोतं झालं त्याच आठवड्यात मी पहिला अर्ज दिला, पोच आहे माझ्याकडे. त्यानंतर आणखी अकरा अर्ज दिले. आज तिथे सहा मजले उभे आहेत आणि आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून त्यांची भिंत तीन फुटांवर आहे. भर दुपारी बारा वाजता आईला दिवा लावून भाजी निवडावी लागते.

महापालिकेने काहीच केलं नाही असं नाही. दुसऱ्या अर्जानंतर नोटीस निघाली. बीट मुकादम आला आणि त्याने ती पुढच्या खांबाला डकवली. मी फोटो काढला. आठ दिवसांनी त्या खांबाला गिलावा झाला. नोटीस आत, सिमेंट वर. तोही फोटो अर्जाला जोडला. उत्तर आलं, "नियमानुसार कार्यवाही प्रस्तावित आहे." चौथ्या मजल्याच्या वेळी पथक आलं, वरच्या स्लॅबला चार भोकं पाडली, फोटो काढले, गेलं. पंधरा दिवसांत भोकं बुजवून पाचव्याचे कॉलम उभे राहिले. कागदावर मात्र "निष्कासन कारवाई पूर्ण", म्हणजे पाडकाम झालं.

माझा प्रश्न बिल्डरबद्दल नाही. ज्याला हे थांबवायचा अधिकार कायद्याने दिलाय आणि ज्याने ते थांबवलं नाही, त्याला कुणी आणि कसं विचारायचं? कुणी करून पाहिलंय का? "सगळीकडे असंच चालतं" हे मी तीन वर्षं ऐकतेय. ते सोडून काहीही सांगा.

कोकणकडा
वाचून पोटात तुटलं. आईंना नमस्कार सांगा. माझ्याकडे उत्तर नाही, पण धागा वर राहू दे.

पाऊलवाट_पुणे
जाईजुई, तुमची ती चार भोकं आमच्याकडेही पाहिली आहेत. भिंत पाडली तर पुन्हा बांधायला वेळ जातो. स्लॅबची भोकं दोन घमेली मालात बुजतात. म्हणून भोकंच पाडतात.

सातबारा
तुमच्याकडं स्लॅब, आमच्याकडं वाळू. गोदावरीच्या पात्रातून रात्री दहानंतर वाळूचे हायवा डंपर चालू होतात ते पहाटे चारपर्यंत. तहसीलला अर्ज, पोलिसांत अर्ज. तहसील म्हणतं पोलीस बंदोबस्त देईनात, पोलीस म्हणतात गौण खनिज महसूलचा विषय. दोन वर्षांत आमच्या विहिरीचं पाणी पंधरा फूट खाली गेलं. मलाबी हेच विचारायचंय, की धरायचं कुणाला?

निवृत्त_लेखनिक
मी एका नगरपालिकेत ३१ वर्षं काढली, त्यातली अर्धी आवक-जावक आणि आस्थापना विभागात. जरा नीट लिहितो.

जाईजुई ताई, तुमचे बाराच्या बारा अर्ज इमारतीविरुद्ध आहेत. प्रत्येकाचा विषय "अनधिकृत बांधकामाबाबत" असाच असणार. असा अर्ज आला की तो त्याच विभागात, त्याच टेबलावर जातो आणि ज्याने काही केलं नाही तोच उत्तर लिहितो. बांधकामाची तक्रार आणि कारवाई न झाल्याची तक्रार या दोन वेगळ्या फाइली आहेत. दुसरी फाइल तुम्ही अजून उघडलेलीच नाही.

ती उघडायला माणूस ठरवावा लागतो. "महापालिकेने" काही केलं नाही, यावर कुणालाच शिक्षा होत नाही. प्रत्येक प्रभागात अनधिकृत बांधकामासाठी पदनिर्देशित अधिकारी नेमलेला असतो, बहुतेक ठिकाणी तो सहायक आयुक्तच असतो. नगररचनेच्या कायद्यात, म्हणजे १९६६ च्या एमआरटीपीत, अशा अधिकाऱ्याने पुरेशा कारणाशिवाय कारवाई केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. आमच्या कार्यालयात ती कुणी उच्चारायचं नाही, पण ती आहे. पहिल्या अर्जाच्या दिवसापासून आजपर्यंत त्या खुर्चीत कोण कोण होतं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे आधी मिळवा.

ते मिळतं फाइलीतून. माहिती अधिकारात प्रती मागत बसू नका, आधी अवलोकन, म्हणजे तिथे बसून फाइल पाहायला, मागा. शिवाय २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे: जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला खुले ठेवायचे. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. शासन निर्णयाची प्रत हातात घेऊन जा. नोटिशी पाहू नका, टिपणीची पानं पाहा. नोटीस तुम्हाला दाखवायला असते. टिपणी ते एकमेकांसाठी लिहितात.

सातबारा, तुमचं थोडं सोपं आहे. तहसीलदार शासकीय कर्मचारी, त्यांना २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा थेट लागू. कलम १० प्रमाणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहता कामा नये. दुसऱ्या विभागाचा संबंध नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, असेल तर ३ महिन्यांत. जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंग. कलेक्टर साहेबांना अर्ज करताना वाळूचा नको, या कलमाखाली चौकशीचा करा.

कोकणकडा
काका, हा प्रतिसाद छापून ठेवतोय.

रेघांची_वही
सेवा हमी कायदा वापरता येत नाही का? २०१५ चा. त्यात अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे असं वाचलंय.

निवृत्त_लेखनिक
दंड आहे, पण फक्त अधिसूचित सेवांसाठी. दाखला, नळजोडणी, परवाना असं काही. "शेजारचं बेकायदा बांधकाम थांबवा" ही त्यात सेवा नाही. माहिती अधिकारात मात्र दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० हा दंड माहिती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. माझ्या नोकरीत साहेब मंडळी पळापळ करताना पाहिली ती फक्त राज्य माहिती आयोगाची नोटीस आल्यावर.

ओळंबा
इथे मला विरोधात लिहावं लागेल. राग येईल, तरी वाचा.

मी एका महापालिकेत नऊ वर्षं कनिष्ठ अभियंता होतो, २०१७ ला राजीनामा दिला. माझ्याकडे दीड प्रभाग, एक मुकादम, गाडी नाही. पाडकामासाठी पोलीस बंदोबस्ताचं पत्र द्यायचं, उत्तर "मनुष्यबळ उपलब्ध नाही". तिसऱ्या पत्राला बंदोबस्त मिळाला म्हणून जेसीबी घेऊन गेलो. दारात एक बाई रॉकेलची बाटली घेऊन उभी. मागे तिची दोन पोरं. तेवढ्यात साहेबांचा फोन, "आज राहू दे." लेखी काही नाही. दुसऱ्या दिवशी दिवाणी न्यायालयाचा स्टे. सहा महिन्यांनी तुमच्यासारख्या कुणाच्या तरी तक्रारीवरून कारणे दाखवा नोटीस आली, मला. फोन करणाऱ्याला नाही. फोन ज्याच्या सांगण्यावरून झाला त्याला तर नाहीच.

ऑगस्ट २०२१ मध्ये ठाण्यात फेरीवाल्यांवर कारवाई करताना एका सहायक आयुक्त बाईंची बोटं कोयत्याने तोडली गेली. त्या कारवाई करत होत्या. तुम्ही "व्यक्तिशः जबाबदार धरा" म्हणता तेव्हा जाळ्यात सापडतो तो सगळ्यात खालचा. आणि भीती बसली की माणूस काम वाढवत नाही, सही करायचं टाळतो.

पाऊलवाट_पुणे
ओळंबा, प्रामाणिक लिहिलंत. पण तो "आज राहू दे" तुम्ही टिपणीत लिहिला का?

ओळंबा
नाही. तेव्हा २८ वर्षांचा होतो. बायको बाळंतपणाला आलेली. नाही लिहिला. आजही तो कागद डोळ्यासमोर येतो. "मा. उपायुक्त यांच्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार कारवाई स्थगित", एवढ्या ओळीने मी वाचलो असतो आणि कदाचित ती इमारतही पडली असती.

निवृत्त_लेखनिक
ओळंबा, तुमच्या वयात मीही नसती लिहिली. पण इथे तरुण नोकरदार वाचत असतील म्हणून सांगतो: वर्तणूक नियमांत तोंडी आदेश लेखी कायम करून घ्यायची सोय दिलेली आहे. साहेब लिहून देत नसतील तर तुम्हीच "आपल्या दूरध्वनीवरील आदेशानुसार" अशी टिपणी सादर करा. खोडायची हिंमत सहसा कुणी करत नाही.

बिनचौकट
मी दुसऱ्या बाजूने बोलते. मी अशाच इमारतीत राहते.

२०१९ ला घेतलं. बँकेचं कर्ज आहे, नोंदणी आहे, घरपट्टी भरतो, लाईट बिल माझ्या नावाचं. मग कळलं की परवानगीच खोटी. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचं सगळ्यांनी वाचलं असेल, खोट्या परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवलेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. आमची त्यातली नाही, पण गोष्ट तीच. आमच्या मजल्यावर एक आजी आहेत, पेन्शनची सगळी रक्कम घातलेली. दर वेळी पोलीस गाडी वळली की त्या गॅलरीत येऊन उभ्या राहतात.

जाईजुई, तुमची तक्रार खरी आहे. पण इमारत पडेल तेव्हा रस्त्यावर आम्ही येऊ. बिल्डर पळालेला असेल आणि सही करणारा निवृत्त.

जाईजुई
बिनचौकट, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहायला आलंय. त्यांची मुलगी आमच्या जाईची फुलं न्यायला येते. तिला मी कोणत्या तोंडाने सांगू की मी तुमच्या घराविरुद्ध अर्ज केलेत?

पण म्हणूनच मला वाटतं की गुन्हा जोत्याच्या दिवशी झाला. त्या दिवशी तिथे कुणी राहत नव्हतं. एक जेसीबी, एक तास, कुणाचंच घर गेलं नसतं. तुमचंही तसंच. आज जे काही होईल त्यात तुमचं किंवा माझं नुकसानच आहे. ते नुकसान त्या दिवसापाशी नेऊन ठेवायचंय मला.

मंगलदीप
+१००० जोत्याच्या दिवसाला.

ओळंबा
हो. जोत्याला पाडकाम म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. चौथ्या स्लॅबनंतर तो कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होतो. उशीर हाच खरा सौदा असतो, हे मी आतून पाहिलंय.

अरबी_समुद्र
गोव्यातून. आमच्याकडे हडफडेच्या नाइटक्लबची आग अजून निवलेली नाही. डिसेंबर २०२५, २५ माणसं गेली, त्यात कितीतरी जण तळघरातल्या स्वयंपाकघरात राबणारे, दूरदूरच्या राज्यांतून आलेले. पंचायतीने पाडण्याची नोटीस काढली होती, तिला वरून स्थगिती मिळाली. नंतर अधिकारी निलंबित झाले. कागदावर नोटीस असणं म्हणजे कायदा राबवला असं नव्हे, हे एवढ्या चितांनंतर कळावं? जाईजुईंच्या खांबातली नोटीस वाचली आणि हेच आठवलं.

पाऊलवाट_पुणे
घाटकोपर विसरू नका. १३ मे २०२४, पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ मृत्यू. मर्यादा ४० बाय ४० फुटांची, फलक १२० बाय १४० चा. तो काय रात्रीतून वाढला? रोज हजारो लोक त्याखालून जात होते. महापालिका म्हणाली जमीन रेल्वे पोलिसांची, परवानगी त्यांची. सातबारांच्या तहसील आणि पोलिसांचीच गोष्ट, फक्त वारा आला.

मंगलदीप
आणि मुंब्रा. एप्रिल २०१३, बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. तिथे उपायुक्तापासून पोलिसांपर्यंत अटका झाल्या होत्या. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. पण माणसं मेल्यावर.

रेघांची_वही
थोडं अवांतर, पण विषयाशी जोडलेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांबद्दल आदेश दिला तो आठवतो का? खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम नंतर जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदाराकडून वसूल करायची. आधी पालिकेने द्यायची, म्हणजे पीडिताला थांबावं लागत नाही. मग आत वसुली. हीच रचना बांधकामाला का नको? बिनचौकट यांच्या आजींना भरपाई आधी, वसुली मग.

वकीलपाडा
वकील आहे, पण हा सल्ला समजू नका.

रेघांची_वही म्हणतात ते तत्त्व जुनं आहे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की अधिकाऱ्यांनी मनमानीने छळ केला तर भरपाई सरकारी पैशातून लगेच द्यावी, पण ती त्या अधिकाऱ्यांकडून वसूल करावी. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात त्याच न्यायालयाने अनधिकृत बांधकामांबद्दल सविस्तर निर्देश दिले: मंजूर नकाशा जागेवर लावणं, बांधकाम चालू असताना वेळोवेळी तपासणी, पूर्णत्वाच्या किंवा भोगवट्याच्या दाखल्याशिवाय वीज-पाणी नाही, बँकांनी दाखला पाहूनच कर्ज द्यायचं आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर खातेनिहाय कारवाई. जाईजुई, हा निकाल अर्जात नमूद करा.

फौजदारीच्या वाटेवर पूर्वमंजुरीचा अडसर असतो, म्हणजे अधिकाऱ्यावर खटला चालवायला आधी सरकारची मंजुरी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम २१८ खाली १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाल्याचं मानलं जातं, हे नवीन आहे आणि कामाचं आहे. तरी मी अशिलाला फौजदारी पहिल्यांदा सांगत नाही. क्रम असा ठेवा: आयुक्तांना अधिकाऱ्यांच्या नावानिशी अर्ज, मग लोक आयुक्त, मग उच्च न्यायालयात परमादेशाची याचिका, म्हणजे अधिकाऱ्याला त्याचं कर्तव्य करायला लावणारा आदेश मागायचा. लोक आयुक्तांकडे गाऱ्हाणं, कृती किंवा अकृती कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत जायला हवं, त्यामुळे तारखा जपा.

सातबारा
लोक आयुक्त नुसती शिफारस करतात ना? त्यानं काय व्हतंय?

वकीलपाडा
शिफारसच करतात, बरोबर. पण त्यांच्यासमोर सुनावणीला त्या विभागाला येऊन उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर नोंदीवर येतं. पुढे उच्च न्यायालयात तेच कागद लावता येतात. माझ्या एका अशिलाचं काम तिथल्या सुनावणीच्या आदल्या दिवशी झालं.

ओळंबा
एक विनंती. नावं लिहाल तेव्हा फक्त अभियंत्याचं लिहू नका. टिपणीवर खालून वर सह्या असतात. वरच्या सहीपर्यंत जा.

कोकणकडा
आणि आमदार-नगरसेवकांचं काय? फोन त्यांचेच असतात.

निवृत्त_लेखनिक
फोनचा कागद नसतो, कोकणकडा. म्हणून तर अधिकाऱ्याला धरायचं. त्याला स्वतःला वाचवायचं असेल तर तो फोनचा कागद तयार करेल. आज त्याला त्या कागदाची गरजच वाटत नाही.

(मध्ये तीन आठवडे धागा शांत)

मंगलदीप
जाईजुई, काही झालं का?

जाईजुई
झालं. सविस्तर लिहिते, कारण इथल्या सगळ्यांचं त्यात काहीतरी आहे.

पहिल्या सोमवारी गेले तर शिपाई म्हणाले असं काही नसतं. शासन निर्णय दाखवला. मग "साहेब मीटिंगला आहेत". दुसऱ्या सोमवारी भाऊ सोबत आला, आम्ही तीनला दहा मिनिटं असताना बाकावर बसलो. सव्वातीनला फाइल आली. पिवळा पुठ्ठा, लाल नाडी, वर आमच्या गल्लीचं नाव चुकीचं.

माझ्या बारा अर्जांपैकी नऊ त्यात होते. टिपणीची पानं अकरा. पहिल्याच पानावर कनिष्ठ अभियंत्याने स्वच्छ लिहिलंय: "जागेवर समक्ष पाहणी केली असता जोत्यापर्यंतचे बांधकाम विनापरवाना आढळून आले. तातडीने निष्कासन करणे उचित. आदेशार्थ सादर." ओळंबा, मी ते वाचून तुम्हाला आठवलं. त्या मुलाने आपलं काम केलं होतं. पाहणी माझ्या अर्जानंतर सहाव्या दिवशी झालेली.

त्याच्या खाली हिरव्या शाईत दोन शब्द आहेत. "चर्चा करावी." सही, तारीख. आणि त्यानंतरची नोंद चौदा महिन्यांनी. मधली जागा कोरी. त्या कोऱ्या जागेत चार मजले झाले.

मी ते पान किती वेळ पाहत बसले कोण जाणे. भावाने हात लावला तेव्हा भानावर आले. तीन वर्षं मी "महापालिका" म्हणत भांडत होते आणि ती दोन शब्दांची होती.

निवृत्त_लेखनिक
"चर्चा करावी"! ताई, तो शेरा मी हजारदा पाहिलाय. चर्चा झाली का, कधी, कुणाशी, काय ठरलं, हे लिहायची जबाबदारी शेरा मारणाऱ्याचीच. तेवढंच विचारा. एकाच विषयावर, दीडशे शब्दांत.

जाईजुई
तेच केलंय काका. आयुक्तांना अर्ज दिला, त्या खुर्चीत होते त्या तिघांच्या नावांनी आणि कालावधींनी. कनिष्ठ अभियंत्याविरुद्ध माझी तक्रार नाही, उलट त्यांची टिपणी पुरावा म्हणून जोडली आहे, असं स्पष्ट लिहिलंय. आणि मागणीत बिनचौकट यांच्यासाठी एक ओळ घातली: राहणाऱ्या कुटुंबांची पर्यायी सोय आणि भरपाई आधी ठरवावी, ती संबंधितांकडून वसूल करावी. वकीलपाडा, २०२४ चा निकाल जोडला.

काल पहिल्यांदा फोन आला, मला. येत्या गुरुवारी सुनावणीला बोलावलंय.

बिनचौकट
ती ओळ वाचून डोळे भरले. आजींना वाचून दाखवली.

ओळंबा
त्या पोराचं टिपणीचं पान सांभाळा. अशा फाइलींतली पानं सुटी होतात. प्रमाणित प्रत घेतलीत ना?

जाईजुई
घेतली. अकरा पानं, बावीस रुपये, पावतीसकट. दोन संच केले आहेत, एक भावाकडे.